गावंडे बाई उभ्या राहायच्या

गावंडे बाई जिवंत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे कुणाविषयी ‘म्हणायच्या’, ‘करायच्या’ असं लिहिलं की वाचणारा मनातल्या मनात फोटोला हार घालून मोकळा होतो. बाई अमरावतीतच राहतात, माझ्या घरापासून चालत गेलं तर वीस मिनिटं. एवढं अंतर मला दोन वर्षांत कापता आलेलं नाही. ज्या बाईंविषयी मला सांगायचंय त्या मात्र आता कुठेच सापडणार नाहीत, आणि त्यांना संपवण्यात माझाही हात आहे. लिहून त्याचं काही होणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

आम्ही दोघं अकोल्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. मी अजून आहे. सकाळी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. पासवाल्यांचा आमचा एक ठरलेला डबा होता, आणि त्यात खिडकीजवळची जागा बाईंची. ती कुणी दिली नव्हती, बाईंनी घेतली होती. जाता-येता मूर्तिजापूर आलं की त्या जेवणाचा डबा उघडायच्या. ज्वारीची भाकर, ठेचा, कधी चून, म्हणजे आमच्याकडचं पिठलं. समोरच्याच्या हातात तुकडा दिल्याशिवाय स्वतः खायच्या नाहीत. समोर अनोळखी माणूस असला तरी त्याची सुटका नसे.

बाईंचं तोंड फाटकं होतं. एखाद्या पुणेकराने आम्हा दोघांना बोलताना ऐकलं असतं तर भांडण सोडवायला मध्ये पडला असता.

“काहून रे मुडद्या, आज डबा नाई आणला? लगन झालं तं उपास लागले का तुले?”

“तुमचा आहे ना, म्हातारे. दोघांचा करता अन् एकटीचा म्हणून सांगता.”

“खाय अन् गप बस. तुही बायको लय सुखी हाये, दिवसभर तू इकडं असतं म्हणून.”

असं रोज. सव्वा तासाच्या प्रवासात बाईंनी मला किती शिव्या दिल्या असतील त्याची गणती नाही, आणि त्यातली एकही मला लागली नाही.

पण प्रयोगशाळेच्या दारातून आत पाऊल टाकलं की त्याच बाई गजाननभाऊंना म्हणायच्या, “गजाननभाऊ, बसा, आधी चहा घ्या, मंग ट्रे धुवा.” गजाननभाऊ आमच्याकडे साफसफाईला होते. त्यांना बोलताना अडखळायला व्हायचं, पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं. सगळे त्यांना ‘ए गज्या’ म्हणत, वयाने त्यांच्या अर्ध्यावर असलेलेसुद्धा. मीही म्हणत असे. बाई एकट्याच त्यांना ‘अहो’ म्हणत आणि त्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत. मध्येच शब्द सुचवायच्या नाहीत. आम्हाला थांबण्याचा कंटाळा यायचा.

आमचं काम थोडक्यात सांगायचं तर दाणे मोजण्याचं. बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधून नमुना येतो. त्यातले दाणे ओल्या कागदावर शंभर-शंभरच्या रांगांनी मांडायचे, कागद गुंडाळायचा, उबेच्या कपाटात ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी उघडून चांगले कोंब किती, वेडेवाकडे किती, सडलेले किती ते मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. कागद किती ओला ठेवायचा यातच अर्धी विद्या असते. बाई नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायच्या ते एवढंच, “अंगठ्यानं दाब. अंगठ्याभवती पाणी गोळा झालं तं समज का सोयाबीन सडते.” मोजताना त्या ओठातल्या ओठात पुटपुटायच्या आणि कुणी हाक मारली तर उत्तर देऊन जिथं थांबल्या तिथूनच पुढचा आकडा घ्यायच्या. इतक्या वर्षांत बाईंचा आकडा चुकलेला मी पाहिला नव्हता.

आमचे व्यवस्थापक इकडचेच. त्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत, मीही तेवढंच म्हणतो. हुशार माणूस, कामाला वाघ, आणि माणसाचं दुखतं कुठे हे पहिल्या आठवड्यात ओळखणारा. प्रत्येकाला त्यांनी एक नाव ठेवलं होतं. मी पंकज, तर माझं ‘पंक्चर’. रोशनी नावाची नवी मुलगी आली, तिचं ‘ट्यूबलाइट’. गजाननभाऊंना नाव नव्हतं, त्यांची नुसती नक्कल व्हायची. साहेब “ग... ग... गजानन” असं म्हणत आणि आम्ही हसत असू. गजाननभाऊही हसायचे. कुणी हरकत घेतली तर साहेबांचं उत्तर तयार असायचं, “आपण वऱ्हाडी माणसं. आपल्या तोंडात साखर नसते. ज्याले झेपत नसल त्यानं पुण्याले जावं.”

यात तथ्य आहे असं मला तेव्हा खरंच वाटायचं. एकदा परतीच्या गाडीत मी बाईंना तसं म्हणालोही. तुम्ही मला मुडद्या म्हणता, साहेब पंक्चर म्हणतात, फरक काय? बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या वळल्या.

“फरक काय? मी तुले मुडद्या म्हणते, तू मले म्हातारी म्हणतं. फिट्टंफाट. आता गजाननभाऊनं सायबाची नक्कल करून दाखवावं बरं. करते का?”

“कसे करतील?”

“मंग? ज्याले उलटून बोलता येते त्याचीच मस्करी करा लागते पंकज. ज्याले येत नाई त्याची केली तं ते मारणं होय. हात नाई उचलला एवढंच.”

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी गजाननभाऊंची नक्कल झाली तेव्हा हसलोही.

दर सोमवारी दहा वाजता बैठक असे. या बैठकीत एक रीत होती. ती कुणी सुरू केली माहीत नाही, मी लागलो तेव्हा होतीच. ज्याच्या नमुन्यात चूक निघेल त्याने बैठक संपेपर्यंत उभं राहायचं, चुकीचा ट्रे किंवा कागदाचा रोल हातात धरून. शाळेत अंगठे धरायला लावतात त्यातलंच, फक्त इथे उभं राहणारी माणसं लेकराबाळांची. तासभर उभं राहायचं आणि साहेब मधूनमधून त्याच्याकडे पाहून एखादं वाक्य टाकणार. आम्ही सगळे त्याला सरावलो होतो. आज आपण नाही, या आनंदात सोमवार निघून जायचा.

रोशनी लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा तिने कागद जास्त ओला ठेवला. चारही रोल सडले. सडलेल्या सोयाबीनचा वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत. साहेबांनी तिला ते चारही रोल हातात घेऊन उभं केलं आणि पंखा तिच्या मागून लावायला सांगितला, म्हणजे वास सगळ्यांपर्यंत जाईल. मग म्हणाले, “घरी आईनं भात लावाले शिकवला का नाई ट्यूबलाइटले?” लोक हसले. मुलीच्या हातावर पाणी गळत होतं, ते कोपरापर्यंत ओघळत होतं आणि तिला पुसता येत नव्हतं.

तेव्हा गावंडे बाई उठल्या.  चालत जाऊन रोशनीच्या शेजारी उभ्या राहिल्या, तिच्या हातातले दोन रोल आपल्याकडे घेतले आणि साहेबांकडे तोंड करून थांबल्या.

“बाई, तुम्हाला नाही सांगितलं. बसा तुम्ही.”

“तिले शिकवलं मीनं. शिकवण्यात कमी पडली असंल मी.”

“बसा म्हणतो ना.”

“माये पाय दुखून नाई राहिले सायेब. चालू द्या तुमचं.” आणि मग अगदी साध्या आवाजात, “थैल्या आपटू नका म्हणून बोर्ड लावला आपण गोदामात. इथं बी लावा एखांदा.”

सोयाबीनची थैली आपटली की वरून काही दिसत नाही, पण आतल्या दाण्याची साल तडकते आणि तो उगवत नाही. आमच्याकडे हमालालाही हे माहीत असतं. त्या दिवशी खोलीत कुणी हसलं नाही. बैठक वीस मिनिटांत संपली.

त्यानंतर सोमवारी जो कुणी उभा राहील त्याच्या शेजारी बाई उभ्या राहायच्या. चूक कुणाचीही असो. एकदा तर ज्याच्याशी त्यांचं बोलणं बंद होतं त्याच्याही शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, अर्थात त्याच्याकडे पाठ करून. दोन-तीन महिने असं चाललं, आणि नवल म्हणजे त्या काळात उभं करण्याचं प्रमाण कमी झालं. वाक्यंही कमी झाली. मला वाटायचं, आता एक माणूस आणखी उठला ना, तर ही रीत मोडेल. तो एक माणूस मी असू शकतो हे माझ्या लक्षात येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. येत होतं.

बाईंच्याही ते लक्षात आलं असावं, म्हणून त्यांनी कागद केला. एका पानाचा, स्वतःच्या गोल अक्षरात, कंपनीच्या मोठ्या ऑफिसला लिहिलेला. त्यात शिवीगाळ नव्हती, रडगाणं नव्हतं. कामाच्या जागी कुणाला उभं करू नये. आईबापाने ठेवलेल्या नावानेच हाक मारावी. चूक झाली तर टेबलाशी येऊन सांगावी, चारचौघांत नाही. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच हातात तिची चौकशी देऊ नये. बस. खाली सह्यांसाठी जागा.

तो कागद त्यांनी गाडीत माझ्यापुढे धरला.

“वाच. पटलं तं सही कर. नाई पटलं तं तसं सांग, मी काही म्हणत नाई.”

मला पटलं होतं. पण मार्च जवळ आला होता, माझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि मार्चमध्ये तो नवा करायचा की नाही हे साहेब ठरवत. “उद्या करतो बाई,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. चौथ्या दिवशी त्यांनी विचारणं बंद केलं. अकरा माणसांत बाईंशिवाय एकाच माणसाने सही केली. गजाननभाऊंनी. सही करायला त्यांना बराच वेळ लागला म्हणे, आणि बाई थांबल्या होत्या.

मोठ्या ऑफिसातून चौकशी समिती म्हणून दोन मॅडम आल्या. चांगल्या होत्या, गोड बोलत होत्या. बसायला साहेबांचीच केबिन दिली होती, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये साहेब फोनवर बोलत येरझारा घालत होते. एकेकाला आत बोलावलं. मला विचारलं, “इथे कामाच्या ठिकाणी तुम्हाला काही त्रास, अपमान असं वाटतं का? निःसंकोच सांगा.” काचेपलीकडून साहेब दोनदा गेले. मी म्हणालो, “नाही मॅडम. इथं सगळं घरच्यासारखं आहे. साहेब बोलतात जरा मोकळं, पण मनाचे चांगले आहेत.”

हे वाक्य मला कुणी पढवलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं.

गाडीत बाईंनी विचारलं, “काय सांगतलं रे तू?”

“काही नाही. काही सांगितलं नाही.”

“बरं.”

बाहेर काटेपूर्णा स्टेशन गेलं. बाईंनी मूर्तिजापूरला डबा उघडला, मला भाकरीचा तुकडा दिला, आणि मी तो खाल्ला. याची मला आज जेवढी शरम वाटते तेवढी त्या वाक्याचीही वाटत नाही.

महिन्याभराने आमच्याकडे कार्यशाळा झाली. कामाच्या जागी परस्परांचा आदर, असा विषय. मोठा फलक लागला, समोसे आले, साहेबांनी आम्हा सगळ्यांना हात पुढे करून शपथ दिली. फोटोत बाई शेवटच्या रांगेत आहेत.

त्याच्या पुढच्या सोमवारी साहेबांनी चौकशीचा अहवाल बैठकीत वाचून दाखवला. आधी बाईंना उभं केलं होतं, त्यांच्या एका नमुन्याचा आकडा फेरतपासणीत जुळला नाही म्हणून. तो जुळला नाही की जुळवला गेला नाही, हे मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही. बाई ट्रे घेऊन उभ्या, आणि साहेब चष्मा लावून वाचतायत, कोण काय बोललं ते नावानिशी. तक्रार ज्याच्याविरुद्ध होती त्याच्याच हातात अहवाल आला होता. रोशनी म्हणाली, मला काही त्रास नाही. अमका म्हणाला, वातावरण खेळीमेळीचं आहे. मग साहेब थांबले, माझ्याकडे पाहून हसले आणि माझं वाक्य वाचलं. अख्खं.

मी बाईंकडे पाहिलं नाही. टेबलावर पाहत राहिलो. एवढं मात्र जाणवत होतं की खोलीत एक माणूस उभा आहे आणि दहा माणसं बसलेली आहेत. मला उठायला किती लागलं असतं? खुर्ची मागे सरकवायची. ढोपरं सरळ करायची. तासभर मी तेवढंच मनात करत बसलो. गजाननभाऊ दारापर्यंत आले होते, पण त्यांना बैठकीत यायची परवानगी नव्हती. बैठक संपली तेव्हा बाईंच्या हातातला ट्रे कलला होता आणि ट्रेमधले कोंब एका कडेला गोळा झाले होते.

मार्चमध्ये माझा करार झाला. गजाननभाऊंचा झाला नाही.

बाई मोडल्या त्या इथे. स्वतःचं काय झालं त्याचं त्यांनी वाईट वाटून घेतलं नसतं. त्यांचं टेबल गोदामाच्या बाजूला हलवलं, चहाला कुणी हाक मारेना, त्यांनाही एक नाव पडलं, ‘समिती’. हे सगळं त्यांनी पचवलं असतं. पण गजाननभाऊ शेवटच्या दिवशी ट्रे धुऊन, पालथे घालून, बाईंना नमस्कार करून गेले. काही बोलायचा प्रयत्न करत होते, शब्द येत नव्हता, बाई थांबल्या. शेवटी न बोलताच गेले. त्या संध्याकाळी गाडीत बाई एकच वाक्य बोलल्या, तेही माझ्याशी नाही. “त्याईले मीनंच सही कराले लावली.”

नंतर नंतर त्यांचा आकडा चुकायला लागला. एकसष्ट, बासष्ट म्हणता म्हणता थांबायच्या, पुन्हा एकपासून सुरू करायच्या. एकदा मी पाहिलं, शंभर दाण्यांची एकच रांग त्यांनी सहा वेळा मोजली आणि मग कागद तसाच टाकून नुसत्या बसून राहिल्या. मी जवळ गेलो. “द्या बाई, मी मोजतो.” त्यांनी दचकून दोन्ही हात कागदावर ठेवले. “नाई नाई, होते माह्यानं. होते. सायबाले नका सांगू.” मला. मी सांगेन असं त्यांना वाटलं. आणि का वाटू नये?

पावसाळ्याच्या तोंडी, ऐन कामाच्या दिवसांत, त्या यायच्या बंद झाल्या. राजीनामा पोस्टाने आला. त्यांची गोदामाकडची जागा कुणी घेतली नाही, त्यांची आधीची जागा मला मिळाली. उजेड चांगला येतो तिथे. सोमवारची बैठक अजून होते, रीतही आहे. मी अजून बसलेलाच असतो.

गेल्या महिन्यात आईचा खांदा धरला म्हणून तिला अमरावतीत शेक द्यायला घेऊन गेलो. रोज जावं लागतं, दहा दिवस. लहानसा दवाखाना, भिंतीला टेकून खुर्च्या, पुढे काउंटर. कोपऱ्यात एक बाई मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या, पदर गळ्याभोवती घट्ट. मी आधी ओळखलंच नाही. काउंटरवरच्या तरुण बाईने हाक मारली, या लगेच उठल्या, पण नंबर दुसऱ्याचाच होता.

“काकू, किती वेळा सांगायचं? नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही. डोक्यात शिरत नाही का? रोज रोज तेच!”

सगळी खोली त्यांच्याकडे पाहायला लागली. मी वाट पाहिली. आता बाई तिला सोलून काढणार, असं मला खरोखर वाटलं.

“चुकलं मॅडम,” गावंडे बाई म्हणाल्या. “चुकलं माह्यं.”

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा उठलो, आणि गरजेपेक्षा मोठ्या आवाजात बोललो, “अहो, नीट बोला जरा! आईच्या वयाच्या आहेत त्या तुमच्या. ही काय पद्धत झाली?”

“तुम्ही कोण त्यांचे?” तिने विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं.

बाई घाईघाईने माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, ओळखून आल्या. ओळखलं होतंच. पण चेहऱ्यावर आनंद नव्हता, राग असता तर तोही मी घेतला असता, तोही नव्हता. नुसती भीती होती. त्यांनी माझी बाही धरली आणि तिकडे ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, “नका बोलू सर. हात जोडते. तुमी बोलून चालले जासान. मले उद्या इथंच याचं हाये.”

मग त्यांनी बाही सोडली, आपण चुरगाळली तर नाही ना म्हणून ती हाताने सारखी केली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन, नाव येण्याची वाट पाहत बसल्या.